गाणं सुचतं मुखड्यात, अडतं दुसऱ्या कडव्यात

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात एकेचाळीस मुखडे आहेत आणि त्यांतली पुरी झालेली गाणी नऊ. उरलेली बत्तीस जवळजवळ एकाच जागी मेली: दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीवर. बरीच वर्षं मला वाटायचं की आपल्यात दम नाही. मग एकदा वही सलग वाचली आणि लक्षात आलं, मी पहिल्या कडव्यातच सगळा शिधा खर्चून टाकतो. पुढच्या मुक्कामाला पीठ उरतच नाही.

हळद, आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई (श्रावणातला देवीचा उत्सव), गणपती अशा निमित्तांनी आपल्या खान्देशात गाणी लागतातच, आणि मोबाइलवर गाणं करून पाहणारी पोरंपोरी आता गावोगाव आहेत. त्यांतल्या ज्यांना सुचतं पण सरत नाही, त्यांच्यासाठी हा लेख. राग-ताल शिकलेलं असायची गरज नाही, बोटांवर आठपर्यंत मोजता आलं की भागतं. नुसते नियम सांगत बसण्यापेक्षा एकच गाणं बीजापासून शेवटपर्यंत सोबत घेऊन जातो.

पहिली पायरी: सुचलं तिथेच धरा

बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना ओव्या त्यांच्या तोंडून निघत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव चौधरी व घरातल्या दुसऱ्या एका नातलगाने त्या टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघू शकलं. टिपलं गेलं नाही ते किती गेलं, कोण सांगणार? तुमच्या खिशात तर टिपणारा फोन आहे.

ओळ सुचली की व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि तीन गोष्टी भरा. आधी ओळ गुणगुणा, भले निम्मे शब्द 'ना ना ना' असोत. मग मांडीवर थाप मारत तीच ओळ पुन्हा, म्हणजे लय राहील. शेवटी साध्या बोलण्यात सांगा की हे कशावरून सुचलं. तिसरी गोष्ट सगळे गाळतात, आणि महिन्याने ऐकताना नेमकी तीच हवी असते. नुसती चाल ऐकून आपण तेव्हा कोणत्या घालमेलीत होतो ते आठवत नाही. फाइलला नाव द्यायला विसरू नका. 'रेकॉर्डिंग ४७' नावाच्या फाइलमध्ये माझी किमान दोन गाणी गाडलेली आहेत.

बीज शोधायला डोंगरावर जाऊन बसू नका. ओट्यावर, एसटी स्टँडवर, पंगतीत लोक बोलतात ती वाक्यं ऐका. मला हे बीज एका ओसरीवर मिळालं. डिसेंबर संपत आला होता, भाव नव्हता, म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला. घरमालक म्हणाले, "बसा म्हणतो, पण कुठे बसा म्हणू? कापूस घरात आन् लगीन दारात." ते सहज बोलले, पुढे दुसऱ्याच विषयाकडे वळले. माझं मात्र त्यापुढे काही ऐकण्यात लक्ष नव्हतं.

दुसरी पायरी: कोण, कोणाला, कधी

ओळ आवडली म्हणून लगेच यमकं जुळवायला बसू नका. आधी वहीत एक वाक्य लिहा: हे गाणं कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय आणि नेमक्या कोणत्या वेळी. वाक्य जमत नसेल तर ती नुसती ओळ आहे, गाणं व्हायला अजून वेळ आहे. तिला वहीत राहू द्या.

माझं वाक्य असं होतं: 'लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलेला बाप, न विकलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी रात्री जागा आहे आणि स्वतःशीच बोलतोय.' एवढ्यातून बऱ्याच गोष्टी आपोआप ठरल्या. रात्र आहे, म्हणजे ढोल-ताशा नको. स्वतःशी बोलतोय, म्हणजे सरकारला जाब विचारणारी भाषणबाजी नको. शेतकऱ्यावर गाणं लिहायला घेतलं की दुसऱ्या ओळीतच घोषणा सुरू होते, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ती सभेत ठीक, या बापाच्या तोंडी नाही.

तिसरी पायरी: मुखडा मोजा

आता 'कापूस घरात' बोटांवर मोजू. का-पू-स-घ-रा-त, सहा अक्षरं. 'लगीन दारात', पुन्हा सहा. मालकांनी न ठरवता सहा-सहा म्हटलं होतं! आपल्याकडे मोठ्या अभंगाचा साचा असाच असतो: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळलेलं. म्हणून उरलेले दोन तुकडे मी त्या साच्यात शोधले:

कापूस घरात,
लगीन दारात,
भाव बाजारात
निजलेला.

मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. 'म्हणे' म्हणजे दोन अक्षरं. अक्षरछंदात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब लागत नाही, गाताना ऱ्हस्व अक्षरही ओढून लांब करता येतं. म्हणूनच नव्या माणसाने ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन मात्रा मोजणाऱ्या मात्रावृत्तांच्या आधी इथून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. मात्रांच्या मागे लागून पहिल्याच महिन्यात गाणं सोडलेले लोक मी पाहिलेत.

साचा कोणताही घ्या, पण मुखड्यात घेतलात तो कडव्यांत मोडू नका. एका कडव्यात सहा, दुसऱ्यात नऊ अक्षरं आली की गायक शब्द कोंबतो, आणि कोंबलेला शब्द मांडवात कोणालाच कळत नाही.

चौथी पायरी: ठेका आणि पट्टी

सहा अक्षरांचा तुकडा दादरा या ठेक्यात अलगद बसतो, कारण दादरा सहा मात्रांचा, म्हणजे सहा ठोक्यांचा. एका मात्रेला एक अक्षर, एका आवर्तनात, म्हणजे ठेक्याच्या एका फेरीत, एक तुकडा. चौथ्या तुकड्यात चारच अक्षरं आहेत, तिथे शेवटचं अक्षर दोन मात्रा जास्त ओढायचं: नि-ज-ले-ला-आ-आ. निजलेपण आपोआप येतं.

हेच शब्द केरव्यात घातले तर? केरवा आठ मात्रांचा, म्हणजे प्रत्येक तुकड्यानंतर दोन मात्रा मोकळ्या. त्या जागेत ढोलकी उत्तर देते किंवा मागचे लोक 'हां जी हां' करतात. नाचायचं गाणं असतं तर मी केरवाच घेतला असता. बाप रात्री एकटा जागा आहे, तेव्हा दादरा. ठेका ठरवताना दुसऱ्या पायरीतलं वाक्य समोर ठेवा, 'सध्या काय चालतंय' हे ठेवू नका.

पट्टी, म्हणजे गाणं कोणत्या स्वरातून म्हणायचं ते, ठरवताना सगळ्यात उंच जागा आधी गाऊन पाहा. अंतरा, म्हणजे कडव्याची चाल, बहुधा वर चढतो, आणि घरी हळू आवाजात गाताना ते जाणवत नाही. पुरुष बरेचदा काळी एक-दोनमध्ये (ही मोजणी हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांची) सुखात असतात, बायका काळी चार-पाचमध्ये. दोघांनी मिळून म्हणायचं गाणं असेल तर आधी भांडण मिटवा, मग चाल पक्की करा. हार्मोनियम नसेल तर फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप पुरतं.

पाचवी पायरी: दुसरं कडवं

आता खरी गोष्ट. पहिलं कडवं मला पंधरा मिनिटांत सुचलं:

ओसरी भरली,
माजघर भरे,
देवापाशी उरे
वीतभर.

मी खूश. लगेच पुढचं लिहिलं:

गोठ्यामध्ये ढीग,
माळ्यावर ढीग,
अंगणात रीघ
कापसाची.

अक्षरं मोजा, चूक सापडणार नाही. आमच्या ढोलकीवाल्याला गाऊन दाखवलं. तो अहिराणीत बोलतो. म्हणाला, "भो, हाई ते पयलंच कडवं शे, फक्त खोली बदलनी."

हा लेख खरं तर त्याचाच. पहिलं कडवं एक चित्र दाखवतं. दुसऱ्यात त्याच चित्राचा दुसरा कोपरा दाखवला की गाणं जागच्या जागी गोल फिरतं, आणि लिहिणाऱ्याला आतून ते कळत असतं म्हणूनच पेन थांबतो. आपण त्याला 'सुचत नाही' म्हणतो. सुचत असतं, पण तेच ते सुचत असतं.

त्यातून निघायला मी तीन वाटा वापरतो. एक, बोलणारा बदला: आत्तापर्यंत बाप बोलत होता, आता घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी आवाज येऊ द्या. दोन, वेळ बदला: पहिल्या कडव्यात आजची रात्र असेल तर दुसऱ्यात पेरणीचा दिवस किंवा उद्याची सकाळ. तीन, पहिल्यात जे आहे त्याची उणी बाजू दाखवा. आखाजीचं गाणं करताना ही तिसरी फार कामी येते: पहिल्या कडव्यात कडुलिंबाला झोका बांधला, पोरी आल्या, गाणी म्हटली, दुसऱ्यात झोक्यावर यंदा कोण नाही.

कापसाच्या गाण्यात मी तिन्ही कागदावर करून पाहिल्या. वेळ बदलून पेरणीवर गेलो तर बियाणं, पाऊस, कर्ज असा सगळा इतिहास यायला लागला आणि गाणं लांबलं. उणी बाजू दाखवायला घेतली तर पुन्हा तक्रार झाली. मग लेकीला बोलू दिलं:

लेक म्हणे, आप्पा,
विकू नका सारा,
गादीपुरा भारा
ठेवा मला.

रुखवतात गादी द्यायची रीत आहे, ती इथे आयती उपयोगी पडली. पण मला आवडलं ते वेगळंच: बापाला जो ढीग अडचण वाटतो, तो तिला सोबत न्यायचा आहे. ढीग तोच आणि पाहणारे डोळे दुसरे. एवढं झालं की दुसरं कडवं झालं असं समजा.

तरीही अडलात, तर पहिलं कडवं उचलून दुसऱ्या जागी ठेवून बघा. अर्ध्या वेळा आपण लिहिलेलं पहिलं कडवं हेच खरं दुसरं असतं, आणि पहिलं लिहायचंच राहिलेलं असतं. बत्तीसपैकी चार गाणी मी नुसती अशी कडवी हलवून वाचवली. एकूण नऊमध्ये ती धरलेली आहेत का, असं कोणी विचारू नये. हिशेब गेल्या वर्षीचा आहे.

सहावी पायरी: शेवट आधी लिहा

तिसऱ्या कडव्यापाशी पोचेपर्यंत अंगातलं वारं गेलेलं असतं. म्हणून मुखडा झाला की दोन दिवसांत शेवटच्या कडव्याचा एक कच्चा खर्डा करून ठेवा. मुक्काम ठाऊक असला की मधला रस्ता सापडतो.

शेवट शोधायची सोपी युक्ती: मुखड्यातला सगळ्यात जड शब्द घ्या आणि त्याचं पुढे काय झालं ते विचारा. माझ्या मुखड्यात 'निजलेला' हा शब्द होता. निजलेल्याचं काय होतं? जागा होतो. कधी? आपल्याकडे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन माल घेणारा व्यापारी, काटा घेऊन दारात येतो, नड आहे म्हणून मिळेल त्या भावात माल जातो, आणि मग:

लगीन लागलं,
घर झालं रितं,
बाजारात तिथं
भाव जागा.

'रितं'ला 'तिथं' हे यमक कच्चं आहे, मला माहीत आहे. चार दिवस पक्कं शोधलं. 'गीत', 'रीत', 'प्रीत' असे शब्द येत राहिले आणि प्रत्येकाने अर्थ बिघडवला. शेवटी कच्चंच ठेवलं. गाताना ते कोणाला टोचत नाही, आणि 'घर रितं' यात कापूसही गेला नि लेकही गेली, ते मी यमकासाठी सोडणार नव्हतो.

खेडा खरेदीवाल्याचं कडवं लिहून काढून टाकलं, हेही सांगतो. चांगलं होतं. पण लेकीच्या बोलण्यावरून थेट रित्या घरावर गेलं की ऐकणारा मधलं स्वतः भरतो.

अहिराणीत लिहू की मराठीत?

ज्या भाषेत ते माणूस रात्री स्वतःशी बोलेल त्या भाषेत. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या बाजूचा बाप अहिराणीत बोलेल; यावल-रावेरकडचा लेवा बोलीत. शिकल्या-सवरल्या लेकीने मराठीत उत्तर दिलं तरी चालेल, घराघरांत तसंच चालतं. मात्र मराठीत लिहून मग शब्द बदलत अहिराणी करू नका. अक्षरांचा हिशेब कोसळतो: 'आहे' दोन अक्षरं, 'शे' एकच. बोलीत लिहायचं तर पहिली ओळच बोलीत ऐकू यायला हवी. आणि हसू आणण्यासाठी बोली वापरायची सवय असेल तर ती आधी सोडा. आपल्या आज्यांनी ज्या भाषेत देवाला आळवलं आणि मेलेल्यांसाठी रडल्या, ती काही नुसती विनोदाची भाषा नाही.

सातवी पायरी: तारीख लावा, वेळ मोजा

सोयीची गोष्ट अशी की तारखा आपल्याला पंचांगच देतं. आखाजी, श्रावणातली कानबाई, गणपती, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई. गाणं कोणत्या दिवशी कोणासमोर म्हणणार हे चार लोकांना सांगून टाका. कानबाईच्या जागरणाला 'नवीन गाणं आणतो' असं भावकीत बोलून बसलात की दुसरं कडवं बरोबर होतं. लाज हे फार चांगलं इंधन आहे.

माझी बैठकीची रीत अशी. पहिल्या बैठकीत गाणं शेवटपर्यंत न्यायचंच, मग ओळी कितीही भिकार होवोत. अडलं तिथे 'इथे लेक काहीतरी म्हणते' असं साधं वाक्य लिहून पुढे जायचं. दुसरी बैठक दोन-तीन दिवसांनी, फक्त दुरुस्तीची. एकाच बैठकीत लिहिणं आणि खोडणं दोन्ही केलं की खोडणारा नेहमी जिंकतो.

लांबीचा अंदाज आधीच काढा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दादऱ्याचं एक आवर्तन तीन सेकंदांचं. चार तुकड्यांचं कडवं १२ सेकंद, दोनदा म्हटलं तर २४. सुरुवातीला मुखडा दोनदा, मग प्रत्येक कडवं दोनदा आणि त्यामागे मुखडा एकदा, तीन कडवी, मध्ये मिळून मिनिटभर वाद्यं: एकूण १९२ सेकंद, म्हणजे तीन मिनिटं बारा सेकंद. चौथ्या कडव्याची गरजच नाही हे आकड्यानेच सांगितलं.

हा हिशेब न करता मी एकदा तासावर भाडं घेणाऱ्या स्टुडिओत गेलो होतो. गाणं 'जवळजवळ' पुरं होतं. दोन तासांतला दीड तास मी काचेमागे बसून तिसरं कडवं लिहिलं, वादक चहा पीत राहिले, आणि पैसे माझे गेले. चूक माझीच.

आठवी पायरी: कागदावर नाव

गाणं लिहून झालं की त्यावर तारीख, पट्टी, ठेका आणि शब्द कोणाचे, चाल कोणाची हे लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क निर्मितीबरोबरच येतो, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क लेखक-संगीतकाराच्या हयातीत व नंतर साठ वर्षं राहतो. कोणी चॅनेलवाला 'सगळे हक्क आमचे' असा कागद पुढे करील, तर मुदत आणि प्रदेश लिहिलाय का ते पाहा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. तोंडी दिलेले हक्क कायद्यात दिलेले धरत नाहीत, लेखी आणि सहीचं लागतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीच्या वाट्याचंही रक्षण आहे.

पारंपरिक चालीवर शब्द बसवले असतील तर 'चाल पारंपरिक' असं स्पष्ट लिहा. कानबाईची किंवा जात्यावरची चाल आपल्या नावावर करणं मला तरी चोरीच वाटतं. कोणा चालत्या गायकाची चाल उचलणं तर कायद्यातही बसत नाही.

शेवटची चाचणी

कागद न घेता गाणं दोन माणसांना ऐकवा, आणि ती माणसं काहीतरी काम करत असावीत. शेंगा फोडणारी, भाजी निवडणारी. मांडी घालून समोर बसलेला माणूस भिडेपोटी 'छान' म्हणतो. काम करणाऱ्याचे हात मात्र खोटं बोलत नाहीत. गाणं धरतं तिथे ते मंदावतात आणि सोडतं तिथे पुन्हा भराभर चालू लागतात. ज्या ओळीला हात पुन्हा चालू झाले ती ओळ वहीत खूण करून ठेवा.

कापसाचं गाणं मी मावशीला ऐकवलं, ती मेथी निवडत होती. 'ठेवा मला' ला जुडी हातात तशीच राहिली. 'भाव जागा' झाल्यावर तिने विचारलं, "मग दिली का गादी?" घरी येऊन मी चौथं कडवं लिहायला बसलो, दोन ओळी लिहिल्या, आणि वही मिटून गाणं तसंच गायकाकडे पाठवून दिलं.